म्हातारी बेट आणि राणीचं नाव

फार मागे खाडीच्या तोंडाशी म्हातारी आणि कुर्ली अशी दोन बेटं होती. कोळी होडीतून नावानं हाक मारायचे, बेट लाट आपटून ओ द्यायचं, मग त्याला नारळ मिळायचा.

एकदा गोऱ्या साहेबानं नकाशा काढला. म्हातारीला राणीचं नाव दिलं, कुर्लीला नुसता ठिपका. कुर्लीचा जळफळाट झाला. म्हातारी तर हाकेला ओच देईना. "राणी म्हणा मला!"

पुढे राज्य बदललं. नव्या साहेबानं राणी खोडून सेनापती लिहिला.

"कुर्ले, मी कोण गं आता?" म्हातारी रडवेली झाली.

बरी जिरली, कुर्ली मनात म्हणाली.

एवढ्यात धाकू कोळ्यानं हाक मारली, "म्हातारे, आहेस का गं?"

म्हातारी नुसती बघत राहिली. नारळासाठी कुर्लीनं लाट उचलली. पण हाक तिची नव्हती. लाट तशीच खाली बसली.

"अगं बये, तुलाच बोलावतोय," ती फणकारली, "ओ दे की!"