हालमसाहेबाच्या थडग्याचा चुना

गारमाळच्या चर्चमागे करंजाखाली एक लांबट थडगं आहे. चर्चचा दगड काळा पडलाय, थडगं मात्र पांढरंशुभ्र. हे चर्च ज्यानं आधी कागदावर काढलं आणि मग उभं केलं, तो हालमसाहेब त्यात निजलाय. चर्चची राखण करणारे शांतवनआजोबा आल्यागेल्याला त्याची गोष्ट सांगतात.

इंग्लंडच्या राणीचं राज्य होतं तेव्हा. मनोरा काही उभा राहीना म्हणे. दोनदा चढवला, दोनदा ढासळला. गवंड्यांचा मुकादम सटवाजी म्हणाला, जागा जीव मागतेय. तेव्हा लोक मानायचे, की जित्या माणसाचं माप दोऱ्यानं घेऊन पायात पुरलं की भिंत धरते, आणि ते माणूस वर्षाच्या आत जातं.

यल्लू तिथं चुना मळायची. एका दुपारी ती लेकराला पाजायला आली, तर झोळीपाशी सटवाजी. निजलेल्या मल्लूच्या टाळूपासून टाचेपर्यंत लाल दोरा ताणलेला. तिनं धावत जाऊन झोळी धरली.

"अगं, दोराच तर आहे," सटवाजी म्हणाला. "पोराला बोट तरी लावलंय का कुणी? तुझं वय आहे, दुसरं होईल."

सांगायचं कुणाला? नवरा त्याच्याच हाताखाली. सटवाजीनं दोऱ्याची गुंडी पूजेच्या ताटात ठेवली, शेजारी उरलेलं रीळ, आणि तो नारळ आणायला गेला. करंजाखाली साहेब तोंडावर टोपी घेऊन झोपला होता. यल्लूनं रीळ उचललं. डोक्यापासून बुटापर्यंत दोरा धरला, तोडला, गुंडाळून ताटात ठेवला. लेकराचा दोरा तिनं चावून गिळून टाकला.

गुंडी मोठी झालेली कुणी पाहिली नाही. असल्या समजुतींना हसत साहेबानंच तिच्यावर दगड बसवला.

मनोरा उभा राहिला. वर्ष भरायच्या आत साहेब तापानं गेला. भला माणूस, मल्लूच्या तळहातावर खडीसाखर ठेवायचा म्हणे.

यल्लू दरसाल थडग्याला चुना लावायची. पाद्रीबाबांनी एकदा कारण विचारलं.

"ह्याची आई लांब आहे बाबा. ती कुठली यायला?"

बाकीचं तिनं मरतेवेळी मल्लूला सांगितलं.

आजही गारमाळात निजलेल्या लेकराचं माप कुणी घेत नाही, शिंपीसुद्धा नाही. सव्वा महिन्यानं घराबाहेर पडलेली बाळंतीण आधी ह्या थडग्याला चुन्याचा हात देते, मग देवाला जाते. थडग्यापाशी येताना ती लेकराला मात्र घरीच ठेवून येते.