कारंज्याची पंगत

"कारंजं होणारच!" मानाजीराव महाराजांनी मांडीवर थाप मारली, आणि भरल्या दरबाराने एकसाथ माना डोलावल्या. कुंभेरीच्या दरबारात माना डोलवायलाच माणसं ठेवली होती म्हणा ना!

दाराशी धुरपा उभी होती. राजवाड्याच्या मुदपाकखान्यात मसाला वाटणारी बाई. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी गावात आणणारा मातीचा नळ फुटला होता, आणि म्हशींच्या डबक्यातली घाण त्यातून थेट खालच्या आळीच्या हौदात उतरत होती. धुरपाची लेक साळू जुलाबांनी अंथरुणाला खिळली होती. वैद्यबुवा म्हणाले, "औषधाने काय होतंय? पाणी बदल!" बदलायला दुसरं पाणी होतं कुठे? यंदा खजिन्यातून एकच मोठं काम व्हायचं होतं, आणि ते कारंज्याचं ठरलं होतं.

"महाराज, आधी नळ दुरुस्त करा. पोरं मरायला टेकलीत!"

दिवाण भगवंतपंतांनी नाक मुरडलं. "नळ जमिनीत गाडलेला! तो पाहुण्यांना दिसतो का? कारंजं कसं दिमाखात उडतं! आधी कारंजं, पाणी नंतर बघू." पंतांच्या वाड्यात गोड्या पाण्याचा आड होता. त्यांचं काय जातंय बोलायला!

महाराज मिशीत हसले. "मसाला वाटणारी आता राज्य चालवणार! बरं, ऐक. उद्या कारंज्याची पंगत आहे, आणि पंगत उठली की मी कुदळ मारणार. त्याआधी या दरबारातल्या एकूण एक माणसाने स्वतःच्या तोंडाने म्हणायचं, 'कारंजं राहू दे, आधी पाणी!' म्हटलं, तर खजिना नळाला. एक जरी गप्प राहिला, तरी जन्मभर घागरींनी कारंजं तू भरायचंस!"

दरबार खो खो हसला. ही तोंडं महाराजांच्या मर्जीविरुद्ध उघडणार? जांभई द्यायची तरी आधी महाराजांकडे बघणारी ही माणसं!

"राजाचा शब्द ना?" धुरपाने विचारलं.

"राजाचा!"

धुरपा मुदपाकखान्यात परतली. मनातून हादरली होती, खोटं कशाला सांगा? पण समोर पाटा होता, वरवंटा होता आणि लवंगी मिरच्यांची टोपली होती. तिने पदर खोचला. आचारी आणि वाढपी खालच्या आळीचेच. त्यांच्याही घरी पोरं आजारी होती. तिने कानात सांगितलं, तसे सगळे कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. रांगोळ्या, चंदनी पाट, प्रत्येकापुढे झाकलेला चांदीचा तांबा. कुंभेरीच्या पंगतीचा रिवाज मोठा कडक! महाराज उठल्याशिवाय कुणी पाटावरून उठायचं नाही, आणि महाराज यजमान, म्हणून शेवटचा पाहुणा जेवल्याशिवाय त्यांनीही उठायचं नाही.

पानात पहिल्यांदा आले भाजलेल्या पिठाचे कोरडे लाडू. मग भाकरी, झणझणीत ठेचा आणि लालभडक रस्सा. राजकवींनी पहिला घास घेतला, आणि त्यांची कविता घशातच राहिली. सेनापतींच्या टकलावर घाम फुटला. सगळ्यांनी झडप घालून तांब्यांची झाकणं काढली.

"शी! शी!" आत पिवळंजर्द पाणी, वर शेवाळ, आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या!

"हे काय आहे?" महाराज गरजले. गरजले कसले, शिंकले!

"खालच्या आळीच्या हौदातलं पाणी, महाराज. आम्ही रोज हेच पितो."

"चांगलं पाणी आण! ताबडतोब!"

"आणते की! पण पंतांनी भर दरबारात क्रम लावून दिलाय. आधी कारंजं, पाणी नंतर. मी बाई माणूस, दिवाणांचा क्रम कशी मोडू? कारंजं तेवढं होऊ द्या. गवंडी म्हणतो, दिवाळीपर्यंत उडेल!"

"दिवाळी?" सेनापती पाटावरच नाचायला लागले. "मेलो! चुलीत गेलं ते कारंजं! कारंजं राहू दे, आधी पाणी!"

मग काय विचारता! राजकवी ओरडले, खजिनदार ओरडले, "कारंजं राहू दे, आधी पाणी!" या गजराने मांडव दणाणला. काल माना डोलावणारे हेच ते शूरवीर बरं का!

राहिले एकटे भगवंतपंत. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा, पण ओठ घट्ट मिटलेले. धुरपाने ते पाहिलं. हा एक गप्प राहिला तर सगळं मातीत! ती जवळ गेली आणि नम्रपणे म्हणाली, "पंतांना जेवण आवडलेलं दिसतंय. अरे, पंतांना आणखी रस्सा वाढा!"

वाढप्याने पळी उचलली मात्र, पंत किंचाळले, "नको! कारंजं राहू दे! आधी पाणी! पाणी!"

धुरपाने पडदा सारला. मागे राजवाड्याच्या विहिरीच्या गार पाण्याचे रांजण भरून ठेवले होते. पंगत नुसती तुटून पडली.

तांब्यावर तांबे रिचवल्यावर पंतांना कंठ फुटला. "महाराज, ही लबाडी आहे! हिने मिरच्या घातल्या!"

"मिरच्या मी घातल्या, पंत," धुरपा म्हणाली. "अळ्या कुणी घातल्या?"

पंतांनी पुन्हा तांबा तोंडाला लावला. महाराज मात्र डोळे पुसत हसायला लागले. "जिंकलीस, पोरी! हे माझ्या हातातलं सोन्याचं कडं तुझं, आणि कुदळही तुझीच. उद्या फुटक्या नळावर पहिला घाव तू घाल. तोवर खालच्या आळीला माझ्या विहिरीचं पाणी जाईल. आणखी काय हवं, माग!"

"आमच्या हौदातलं पाणी आता कुणी पिणार नाही, महाराज. पण ते वाया कशाला घालवायचं? नळ दुरुस्त होईपर्यंत पंतांच्या वाड्यावर प्यायला पाठवावं."

महाराज इतके हसले, इतके हसले की पाटावरून घसरले. "पाठवा! आणि तोवर पंतांचा आड बंद! हुकूम आहे!"

दुसऱ्या दिवशी धुरपा कुदळ घेऊन फुटक्या नळापाशी पोचली, तर भगवंतपंत तिच्याआधी येऊन, धोतर खोचून, फावड्याने डबकं उपसत होते.