इतिहास मंडळात रंगोबा

सोनजांब नावाच्या गावात रंगोबा म्हणून एक भोळा गडी राहायचा. सांगाल ते करायचा, आणि सांगाल तसंच करायचा.

त्या गावात एक इतिहास संशोधन मंडळ होतं. संशोधनाला मंडळाला सवड नसे, पण व्याख्यानमाला दरवर्षी न चुकता होई. अध्यक्ष होते अण्णासाहेब इंगवले. वक्ता कुणीही असो, विषय कुठलाही असो, शेवटी लढाई अण्णासाहेबांचे खापरपणजोबाच जिंकत. नाही जिंकले, तर त्या वक्त्याला पुन्हा बोलावणं जात नसे.

मंडळाचा म्हातारा शिपाई लेकाकडे राहायला गेला, म्हणून रंगोबाला ठेवलं. अण्णासाहेब म्हणाले, "एवढी व्याख्यानमाला नीट पार पाड. तुला कायम करून टाकतो."

रंगोबा हरखला. त्याच्या आईनं तर आळीत साखरही वाटली.

पहिल्या दिवशी पुण्याचे एक प्राध्यापक आले. अण्णासाहेबांनी बजावलं, "पाहुणे आज आपल्या गावाच्या इतिहासावर प्रकाश टाकणार आहेत. त्यांना काही कमी पडू देऊ नकोस."

रंगोबानं पाहुण्यांना नीट न्याहाळलं. हातात नुसते कागद. प्रकाश टाकायला जवळ काहीच नाही. बिचारे विसरले असतील! तो धावत घरी गेला आणि शेतात न्यायची मोठी बॅटरी घेऊन आला. प्राध्यापक म्हणाले, "आता मी थोडा प्रकाश टाकतो," आणि रंगोबानं झोत सोडला थेट त्यांच्या डोळ्यांवर. त्यांना सनावळ्या दिसेनात. त्या गडबडीत खापरपणजोबा जन्माच्या आधीच लढाईवर गेले.

"गाढवा!" अण्णासाहेब नंतर ओरडले. "वक्त्याच्या तोंडासमोर काही म्हणजे काही आणायचं नाही!"

"आलं ध्यानात," रंगोबा म्हणाला. आणि खरंच ध्यानात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी एक निवृत्त अधिकारी बोलायला उभे राहिले. बघतो तर काय, त्यांच्या अगदी तोंडासमोर माइक! रंगोबानं चटकन माइक उपटला आणि कपाटात घालून कुलूप लावलं. वक्त्यांचा आवाज मुळातच बारीक. नुसते ओठ हलत राहिले. लोकांनी रोजच्याइतक्याच भक्तिभावानं ऐकलं, टाळ्या वाजवल्या. "आजचं विशेष रंगलं," असं जाताना दोघेतिघे म्हणालेही. पण खापरपणजोबा जिंकले की नाही, ते खुद्द अण्णासाहेबांनाच कळलं नाही.

"अरे मूर्खा," ते कडाडले, "वक्त्याच्या तोंडून निघालेला शब्द न् शब्द शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे!"

"आलं ध्यानात."

तिसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या एक बाई वक्त्या होत्या. आधी अण्णासाहेब प्रास्ताविकाला उभे राहिले. ते लांबतच गेलं. बाईंनी पाणी द्यायला आलेल्या रंगोबाला हळूच विचारलं, "हे गृहस्थ थांबणार आहेत की नाही? मला झोप यायला लागली."

वक्त्यांचा शब्द! रंगोबा धावत शेवटच्या रांगेपाशी गेला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "बाई विचारतात, हे गृहस्थ थांबणार आहेत की नाही? त्यांना झोप यायला लागली!"

"आम्हालाही!" मागून कुणीतरी म्हणालं.

अण्णासाहेबांचा चेहरा लाल झाला. सभा उठल्यावर त्यांनी रंगोबाला कोपऱ्यात घेतलं. "व्यासपीठावर कुणी गुपचूप काही दिलं, सांगितलं, तर ते पोटात ठेवायचं! कळलं?"

"पोटात. आलं ध्यानात."

चौथ्या दिवशीचे वक्ते बोलायला लागले ते थांबेचनात. खापरपणजोबा केव्हाच जिंकून झाले होते. बाहेर चहा निवत होता. अण्णासाहेबांनी ‘वेळ संपली’ असं चिठ्ठीवर लिहून ती रंगोबाच्या हातात गुपचूप सरकवली. रंगोबानं आवंढा गिळला. चिठ्ठीसुद्धा गिळली. कागद जरा जाड होता, पण कायम व्हायचं तर एवढं सोसायलाच हवं. वक्ते बोलत राहिले. त्या भरात त्यांनी खापरपणजोबांना पुढच्या लढाईत हरवून टाकलं.

"कार्ट्या, ज्याची वस्तू त्याला नेऊन द्यायची असते!" अण्णासाहेब दातओठ खात म्हणाले. "आता एक जरी चूक झाली, तर घरचा रस्ता धरायचा!"

"ज्याची वस्तू त्याला. आलं ध्यानात," रंगोबा म्हणाला. आज त्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

शेवटच्या दिवशी मोठा समारंभ. सभागृह भरलेलं. अण्णासाहेब खापरपणजोबांच्या पोशाखात अवतरले: डोक्याला पगडी, अंगात जरीचा अंगरखा, कमरेला शेला. हातातली तलवार उंच करून ते म्हणाले, "बंधुभगिनींनो, हा सगळा आमच्या घराण्याचा ठेवा!"

पहिल्या रांगेत दामूअण्णा बसले होते. त्यांचं नाटकाचे कपडे भाड्यानं देण्याचं दुकान. ते शेजाऱ्याला म्हणाले, "तलवार जपून धरा म्हणावं, मूठ ढिली आहे. परवाच्या नाटकाला लागणार आहे मला."

रंगोबा जवळच उभा होता. त्यानं विचारलं, "दामूअण्णा, तलवार तुमची?"

"मग कुणाची? पगडी, अंगरखा, शेला, सगळं माझ्याच दुकानातलं."

रंगोबा व्यासपीठावर चढला. त्यानं तलवार काढून घेतली आणि दामूअण्णांच्या मांडीवर नेऊन ठेवली. परत आला, पगडी उतरवली. शेला सोडला. लोक जागे झाले. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच व्याख्यानमालेला कुणी डुलकी घेत नव्हतं.

"अरे, काय करतोस!" अण्णासाहेब किंचाळले. तोवर अंगरखाही निघाला होता. अध्यक्ष बंडी आणि पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत उभे होते. "चालता हो! उद्यापासून इथं पाऊल टाकू नकोस!"

"नाही टाकत," रंगोबा डोळे पुसत म्हणाला. "पण आजचं काम तरी पुरतं करू द्या."

आणि त्यानं अण्णासाहेबांच्या मिशीला हात घातला. एकदा ओढली. पुन्हा जोर लावून ओढली. अण्णासाहेबांनी बोंब ठोकली, पण मिशी काही निघेना.

तेव्हा रंगोबा सभेकडे वळला आणि हात जोडून म्हणाला, "दामूअण्णा, मिशीला तुम्ही हक्क सांगू नका हं. एवढा ठेवा मात्र घराण्याचाच आहे!"