लघाटेमास्तरांची जागा

एका गावात एकदा अशी वेळ आली, की ऐकणारे थोडे उरले आणि त्यांच्या जागा फार झाल्या.

त्या गावात पूर्वी एक थोर गायिका राहत असे. सारे तिला नुसते 'बाई' म्हणत. बाई गेल्यावर त्यांच्या चाहत्यांनी एक नेम धरला. दर रविवारी दुपारी वाचनालयाच्या माडीवर जमायचे आणि ग्रामोफोनवर बाईंच्या तबकड्या ऐकायच्या. प्रत्येकाची बैठक ठरलेली. कोणी वारले, तरी त्याची बैठक उचलायची नाही. तिच्यावर त्याची शाल घडी करून ठेवायची, अशी तिथली रीत होती. आरंभी एकच शाल होती. आता माणसांपेक्षा शालीच अधिक झाल्या होत्या.

मंडळातला सर्वांत वृद्ध श्रोता ग्रामोफोनजवळ बसे. सगळे त्याला अण्णा म्हणत. शेजारी त्याचा शिष्य. गाणे कसे ऐकावे, हे शिष्य त्याच्याकडूनच शिकला होता. समेवर सूर नेमका उतरला, की दाद देताना शेजाऱ्याच्या डोळ्यांत पाहायचे, हेही तिथेच शिकला. पण अण्णा अलीकडे डोळे मिटून ऐकत. म्हणून शिष्य दुसऱ्या बाजूला मान वळवी, आणि तिकडे लघाटेमास्तरांची शाल असे. घरी त्याने बाईंचे नाव काढले, की मुले उठून दुसऱ्या खोलीत जात. अण्णांच्या मागे आपण कोणाकडे पाहणार, हा विचार त्याला नेमका तबकडी फिरत असताना येई.

एका रविवारी दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. चपला कुठे काढायच्या हे न कळल्याने तिने त्या हातातच धरल्या होत्या.

"कोण हवंय?" मंडळातल्या वकिलांनी विचारले.

"इथं बाईंचं गाणं लावतात ना?"

"लावतात. तू बाईंचं काय काय ऐकलंयस?"

"एकच गाणं. मोबाइलवर. तेही अर्धं."

"अर्धं!" वकील हसले. "आमचा इथं जन्म गेला, आणि ही अर्ध्यावर आली. मग आता काय?"

"उरलेलं ऐकायचंय," मुलगी म्हणाली.

ती लघाटेमास्तरांच्या बैठकीच्या कडेला, शालीला धक्का न लावता, टेकू लागली.

"तिथं नको," शिष्य घाईने म्हणाला. "ती जागा भरलेली आहे."

"मग तिकडे?"

"तीही भरलेली आहे."

मुलीने एकेका शालीकडे पाहिले. "हे सगळे अजून यायचे आहेत का?"

सगळे ग्रामोफोनकडे पाहू लागले. "बरं," असे म्हणून ती वळली.

"थांब गं बाळ." अण्णांनी डोळे उघडले. भिंतीला धरून ते उठले, त्यांनी मुलीच्या हातातल्या चपला घेऊन दाराशी ठेवल्या आणि तिला आपल्या जागेवर बसवले. मग लघाटेमास्तरांची शाल उलगडून त्यांनी खांद्यावर घेतली आणि ते मास्तरांच्या जागेवर जाऊन बसले.

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

"अण्णा, तिथं बसायची एवढी घाई?" वकिलांनी चाचरत विचारले.

"घाई नाही, वकीलसाहेब. तालीम करतोय," अण्णा म्हणाले. "लाव रे."

शिष्याने सुई टेकवली. गाणे रंगू लागले. सम यायला अवकाश असतानाच मुलगी मोठ्याने "आई गं!" म्हणाली. वकील खाकरले. तिने तोंडावर हात ठेवला. मग खरी सम आली, आणि काय झाले कोण जाणे, शिष्याची मान आज शालीच्या बाजूला न वळता अण्णांच्या जागेकडे वळली. दोन डोळे त्याच्याकडेच पाहत होते. हे असे असते का, असे जणू विचारत होते. तो दाद द्यायचेच विसरला.

गाणे संपताच मुलगी निघून गेली. पुन्हा येईन, असे काही ती म्हणाली नाही.

अण्णांना जिन्यावरून उतरवताना शिष्याने विचारले, "अण्णा, मास्तरांच्या जागेचा मान तुम्हीच मोडलात. का?"

अण्णा पायरीवर बसले. "तू पहिल्यांदा आलास, तेव्हा माडी खच्चून भरलेली होती. दारात अवघडून उभा होतास. तुझ्यासाठी कोण सरकलं?"

शिष्य म्हणाला, "लघाटेमास्तर."

"त्यांनी विचारलं का, काय काय ऐकलंयस म्हणून?"

"नाही. विचारलं असतं, तर मी पळालो असतो."

"मास्तरांचा मान त्या सरकण्यात होता, बाबा. आपण त्यांची शाल जपली, आणि सरकणं टाकून दिलं. उद्या माझीही शाल होईल. तू मान वळवून तिच्याकडे बघशील. माझे डोळे मिटलेले असले, तरी तू कुठे बघतोस हे मला कळतं. शाल काही उलटून बघत नाही."

पुढल्या रविवारी अण्णांना ताप होता. ते आले नाहीत. तबकडी फिरत होती, पण शिष्य सुई हातात धरून बसला होता.

"आता कोणाची वाट बघतोयस?" वकील म्हणाले. "अर्धं ऐकणारी अर्ध्यावरूनच गेली."

शिष्याने दाराकडे पाहिले. खाली रस्त्यावर एक सायकल थांबली, आणि पुढे गेली. बराच वेळ तबकडी नुसतीच फिरत राहिली.

मग जिन्यात पावले वाजली आणि दाराबाहेर थांबली. मुलीने चपला दाराशी काढल्या. तिने अण्णांच्या मोकळ्या जागेकडे पाहिले, शालींकडे पाहिले, आणि ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"आजोबा नाहीत? मग मी कुठं..."

शिष्याने लघाटेमास्तरांची शाल उचलून मांडीवर घेतली. तो त्यांच्या जागेवर सरकला, आणि आपल्या बैठकीवर त्याने हात ठेवला.

"ये," तो म्हणाला. "ही रिकामी आहे."