सीमेची पंगत

पुष्कळ वर्षांपूर्वी, गावांना वेशी होत्या आणि वेशींना दारे होती, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी. मोठ्यांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी.

तळ्याकाठच्या एका नगरात एक पंडित राहत होता. सारे नगर त्याच्याकडून आपले कागद वाचून घेई. पण वय उतरणीला लागले तसा त्याला घोर लागला. डोळे गेले तर आपल्याकडे कागद कोण आणील? म्हणून त्याने ठरवले, एखादी जागा घ्यावी, खोल्या बांधाव्या आणि भाड्यावर उरलेले दिवस काढावे.

त्या नगरात एक रीत होती. जागा घेणाऱ्याने त्या जागेवरच चूल मांडायची आणि चारी सीमांच्या शेजाऱ्यांना पिठले-भात जेवू घालायचा. जेवून उठण्याआधी शेजारी जागेचे गुणदोष सांगत. खाल्ल्या मिठाला जागून कोणी खोटे बोलत नसे.

तळ्याखालची एक जागा पंडिताला फार स्वस्तात मिळत होती. त्याने तिचे सात पिढ्यांचे कागद तपासले. कुठेही खोट नव्हती. पंगत मात्र त्याने घातली नाही.

"परटाला न् माळ्याला मी काय विचारू? तेच मला विचारायला येतात," तो म्हणाला.

खरे तर, इतकी स्वस्त का, ही शंका त्याच्याही मनात होती. पण शंका विचारली असती, तर आपल्यालाही काही कळत नाही हे लोकांना दिसले असते.

चार खोल्या उभ्या राहिल्या. पहिली भाडेकरू आली ती एक कुंभारीण. उंबऱ्यापाशी थांबून तिने विचारले, "बुवा, पंगत झाली होती ना?"

"कागद चोख आहेत, बाई," पंडित म्हणाला. ती बिचारी समजली, झाली असेल.

तिसऱ्या वर्षी भादव्यात तळे काठोकाठ भरले. सांडव्यावरून पाणी सुटले आणि आपल्या जुन्या वाटेने थेट खोल्यांतून गेले. जीव कुणाचा गेला नाही. पण कुंभारणीने दिवाळीसाठी घडवलेल्या, अजून भाजायच्या असलेल्या पणत्यांचा पुन्हा चिखल झाला. ती तो चिखल नुसता ओंजळीने भरत राहिली.

शेजारचा म्हातारा परीट म्हणाला, "तळं भरलं की पाणी इथूनच जातंय, बुवा. माझ्या आज्याच्या वेळेपासून."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"जेवायला कुठं बोलावलंत? कागद आम्हाला वाचता येत न्हाईत, तसं पाणी तुम्हाला."

भाडेकरू निघून गेले. दुसरा आसरा नव्हता म्हणून कुंभारीण तेवढी राहिली. भिंतींवर मांडीइतक्या उंचीवर पाण्याची रेघ उमटली होती. पंडिताने जागा विकायला काढली, आणि एके दुपारी स्वतः त्या रेघेवर चुना फिरवला. कुंभारीण दारातून पाहत होती.

मग गिऱ्हाईक आले. लढाईत एक पाय गमावलेला शिपाई होता तो. त्यालाही म्हातारपणाला भाड्याचा आधार हवा होता. पण तो रीत पाळणारा. त्याने चूल मांडली, चौघा शेजाऱ्यांना बसवले, पंडितालाही बसवले.

"मंडळी, आता बोला," शिपाई म्हणाला.

कोणी बोलेना. त्या चौघांच्याही घरचे कागद पंडितानेच वाचून दिलेले. शेवटी परीट भात कालवत म्हणाला, "जागेचा धनी पंगतीत बसलाय. शिकलेला माणूस. त्यानंच सांगावं."

शिपाई हसला. "सांगा, बुवा. तुमच्या शब्दावर घेतो. जन्माची कमाई आहे, आणि पाय एकच आहे."

पंडिताच्या हातात घास होता. 'कागद चोख आहेत' हे शब्द जिभेवर तयार होते, आणि ते खरेही होते. तेवढ्यात कुंभारीण ताक वाढायला वाकली. तिने त्याच्याकडे पाहिले नाही. भिंतीकडे पाहिले.

पंडिताने घास पानात ठेवला. ओल्या हातानेच त्याने मागची भिंत घासली. चुना निघाला, रेघ दिसली.

"इथवर पाणी येतं," तो म्हणाला. "मला माहीत होतं. हा चुना मीच फासलाय."

शिपायाने हात धुतले आणि काठी उचलली. "वेळेवर बोललात, माझी कमाई वाचली. पण बुवा, चुना फासलात तुम्ही. माझे कागद आता मी दुसऱ्याकडून वाचून घेईन."

सौदा मोडला. पंडिताने खोल्या उतरवल्या आणि त्यांच्याच वाशांनी कुंभारणीला उंचावर एक घर बांधून दिले. मोकळ्या जागेतून पाणी सुखाने जाऊ लागले. आणि पंडित, डोळे अधू होत चालले तरी, पुन्हा कागद वाचायला बसला. येणारे आता थोडे होते. कोणी जागेचे कागद आणले, की तो आधी विचारी, "शेजारी जेवले का?" विचारताना त्याची मान खालीच असे.

बोध एवढाच: जे दुसऱ्याला विचारण्यात आपण कमीपणा मानला, तेच दुसऱ्यापासून लपवणे हा त्याहून मोठा कमीपणा.