नागूबायचा कूड

आपल्या पणज्यांच्याही पणज्या परकर नेसून हिंडत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. वाकणखार गाव खाडीच्या तोंडाशी होतं, आणि खाडी गावाला खात होती.

आधी बांध गेला, मग भातखाचरं गेली, मग घरं जायला लागली. किनाऱ्यावरची, खाऱ्या चिखलात वाढणारी कांदळाची झाडी गावानंच चुलीसाठी तोडून नेलेली. पण खाडी का चिडली हे कुणाला कळेना. कोणी म्हणे देवीचा कोप, कोणी म्हणे चंद्राची ओढ. नागूबाय चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, धरून पोट भरणारी विधवा. तिचं घर एका भरतीत चिखलात बसलं, आणि सगळ्यांची उत्तरं तिच्या डोक्यात नुसती घोळत राहिली.

तिनं पल्याडच्या बेटावरून कांदळाच्या शेंगा आणून चिखलात खोचल्या. भरतीनं त्या नेल्या. पुन्हा खोचल्या, पुन्हा गेल्या. असं म्हणतात, खाडी त्या शेंगा परत तिच्याच पायाशी आणून टाकायची. खाडी चेष्टा करतेय की काही सांगतेय, तिला उमगेना.

मग एका सकाळी तिनं पडक्या घराचा कूड, म्हणजे काड्यांची विणलेली भिंत, उपसला आणि ओहोटीच्या चिखलात नेऊन उभा केला.

"नागू, पान्यात घर बांधतंस का गो?" चार भरत्या येऊन गेल्यावर म्हाताऱ्या हिराजी पाटलानं विचारलं.

"काय बांधतंय, माजं मलाच कलत नाय, पाटील. पन पानी कुडातून मागं जाताना चिखल ठेवून जातंय. बघा."

कुडाच्या आतल्या अंगाला बोटभर चिखल चढला होता. हिराजीलाही अर्थ लागला नाही, पण घरी जाऊन त्यानं आपल्या पडवीचा कूड सोडवला. मग एकेक घर आलं. ऐन पावसाच्या तोंडावर आपल्याच भिंती काढून पाण्यात द्यायच्या! बायका रडत होत्या आणि विणत होत्या.

चिखल गुडघाभर साचला. त्यात कुणी न लावता कांदळ उगवलं. असं म्हणतात, पाऊस सरायच्या आत ते माणसाच्या डोक्यावर गेलं.

मग वादळ आलं. भर दुपारी अंधारलं. कूड हलताना पाहून नागूबाय पाण्यात उतरली आणि त्याला पाठ लावून उभी राहिली. डोंगराएवढ्या लाटा कांदळापर्यंत आल्या आणि दमलेल्या म्हशींसारख्या तिथंच बसल्या. गाव वाचलं.

ओहोटीला लोक धावले. तिची पावलं कांदळात गेलेली दिसली, बाहेर आलेली दिसली नाहीत. ती झाड झाली असं म्हणतात. पल्याडच्या बाजारात ती चिंबोऱ्या विकताना दिसली असंही म्हणतात. दोन्ही सांगणारी माणसं खोटं बोलणारी नव्हती.

आजही सर्वपित्रीच्या दिवशी वाकणखारात कुणी जिवंत कांदळाला हात लावत नाही. घरटी एक माणूस कूड दुरुस्त करायला चिखलात उतरतं, आणि पहिली काडी गावात आलेली नवी सून ओवते. मग घरोघर पितरांची पानं वाढतात. नागूबायचं पान मात्र अजून कुणी वाढलेलं नाही. ती गेली, हे कुणालाच नक्की सांगता येत नाही.