सगुणाची लोटी आणि मुहन्ना नाखवा

कुणीतरी राजाचे कान भरले होते. कोण ते मला ठाऊक नाही, पण ज्यानं भरले त्यानं घोर पाप केलं, बरं का! स्वतः कधी गुडघाभर पाण्यात उतरला नसेल, आणि सांगत काय होता? "समुद्रापलीकडे नुसती वाळू आहे, महाराज. माणसंही वाळूसारखीच कोरडी. त्यांना दारात उभं करू नका."

हा राजा होता कोकणातल्या एका बंदराचा. बंदर छोटं, राजा त्याहून छोटा, मुकुट तेवढा मोठा. त्याला ते सगळं खरं वाटलं. मग एकदा काय झालं, अरबांच्या मुलखातून एक गलबत आलं. वादळात त्यांचं पिण्याचं पाणी सांडलं होतं. नाखवा उतरला. उंच म्हातारा, एक भुवई काळी आणि एक पांढरीशुभ्र. म्हणाला, "दोन रांजण पाणी द्याल का?" शिपाई म्हणाले, "हुकूम नाही."

नाखवा भांडला नाही. त्यानं छातीवर हात ठेवला, "पाणी तुमचं आहे," एवढंच म्हणाला आणि कोरड्या ओठांनी परत फिरला.

धक्क्यावर सगुणा बसली होती, शिडं शिवणारी. तिच्याजवळ पाण्यानं भरलेली लोटी होती. द्यावं की न द्यावं, राजा काय म्हणेल, असा विचार करत ती उठेउठेपर्यंत गलबत निघूनसुद्धा गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या सगळ्या विहिरी खाऱ्या झाल्या. गाई पाण्याला तोंड लावेनात. सगुणाच्या आईचं दूधसुद्धा खारट झालं. घरात सगुणाचा तान्हा भाऊ होता, सव्वा महिन्याचा. तो तोंड फिरवायचा आणि रडायचा. गोड राहिलं ते फक्त शहाळ्याचं पाणी. तेच कापसाच्या बोळ्यानं त्याच्या तोंडात पिळायचे. पण माडांना शहाळी असून असून किती असणार? फार तर तीन महिने पुरतील एवढी.

राजानं सभा भरवली. सभेत काय ठरलं? पुढची सभा कधी घ्यायची, ते ठरलं!

सगुणाला दम धरवेना. ती विहिरीवर गेली, वाकली आणि ओरडली, "का गं अशी रुसलीस?"

आणि विहीर बोलली. म्हणाली, "मी रुसले नाही, मला लाज वाटली. तहानलेला माणूस माझ्या दारातून परत गेला. तो माझं हे खारं पाणी तोंड वाकडं न करता प्यायला, तरच मी गोड होईन."

मग सगुणानं काय केलं? तेच खारं पाणी लोटीत भरलं, वर केळीचं पान बांधलं, आणि अरबांच्या मुलखाकडे निघालेल्या पहिल्या गलबतात चढली. आई म्हणाली, "परक्या घरी जपून राहा गं. विचारल्याशिवाय बोलू नकोस."

गलबत लागलं ओमानला. काळे डोंगर, निळा समुद्र आणि वाऱ्यावर लोबानाचा वास. किनाऱ्यावर शमसा नावाची एक बाई गलबतासाठी काथ्या वळत होती. तिथं गलबतांना खिळा मारत नसत, बरं का. फळ्या काथ्यानं शिवत, आपण गोधडी शिवतो तशा. सगुणा पाय जमिनीला लागायच्या आत म्हणाली, "पांढऱ्या भुवईचा नाखवा कुठे आहे? लवकर सांगा!"

शमसा हसली. "आधी बस तरी बाई. मागं काय वाघ लागलाय?"

तिनं खजूर दिला, इवल्याशा वाटीसारख्या कपात वेलचीची कॉफी दिली. सगुणानं संपवली. शमसानं पुन्हा ओतली. ती संपवली, पुन्हा ओतली. ताटातलं टाकू नये अशी सगुणाला शिकवण! अकरा कप झाले तेव्हा शमसाला दया आली. "अगं, पुरे असेल तर कप जरा हलवायचा. नाही हलवलास तर मी उद्यापर्यंत ओतीन."

मग शमसानं तिला गावातला पाट दाखवला. डोंगरातून पाणी यायचं, आणि बागांना पाळीपाळीनं जायचं. कुणाची पाळी किती वेळ, ते सावली बघून ठरायचं. पण पाट गावात शिरतो ना, तिथं सगळ्यांत आधी पिण्याची जागा. ती वाटसरूंची. तिथं पाळी नाही, विचारणं नाही. सगुणा तिथं ओंजळभर पाणी प्यायली, आणि तिला आपल्या बंदराची फार लाज वाटली.

"तो नाखवा कॉफी आणायला येमेनला गेला," शमसा म्हणाली. "आणि एक सांगू? पाहुणीनं एवढी घाई करू नये."

सगुणाला आईचं बोलणं आठवलं. तिनं ठरवलं, आता विचारल्याशिवाय तोंड उघडायचंच नाही.

येमेनमध्ये डोंगराला पायऱ्या होत्या, आणि पायरीपायरीवर कॉफीची झाडं. गावातली घरं मातीची, पण सहा सहा मजली! उंच उंच, खिडक्यांवर पांढऱ्या चुन्याची नक्षी आणि वर रंगीत काचा. ऊन आत आलं की जमिनीवर लाल, हिरव्या, निळ्या पाकळ्या पडायच्या. तिथं अरवा नावाच्या एका आजीनं तिला सर्वांत वरच्या मजल्यावर नेलं, कारण सर्वांत चांगली खोली पाहुण्यांची. कॉफीच्या सालांचा, आलं घातलेला काढा दिला. गरम भाकरी दिली, मध दिला. पण विचारलं मात्र काहीच नाही.

पहिला दिवस गेला. सगुणा गप्प, आजी गप्प.

दुसरा गेला. दोघी एकमेकींकडे बघून नुसत्या हसायच्या.

तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर आजीनं सुस्कारा सोडला. "हं! झाले तीन दिवस. आता सांग बाई, तू कोण, कुठली, कशाला आलीस?"

सगुणा उसळलीच. "आजी, तीन दिवस का नाही विचारलंत?"

"पाहुण्याला तीन दिवस विचारतात का कुठं? तूच का नाही बोललीस?"

"आमच्याकडे विचारल्याशिवाय बोलत नाहीत!"

आजी इतकी हसली, इतकी हसली की तिच्या डोळ्यांना पाणी आलं. मग सगुणाच्याही डोळ्यांना आलं, पण ते हसण्याचं नव्हतं. तिला भाऊ आठवला. तीन दिवसांची शहाळी गेली होती.

आजीनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. "रडू नको. तुझ्या नाखव्याचं नाव मुहन्ना. त्यानं समुद्र सोडला. इराकमध्ये बोरूच्या बेटांत त्याचं घर आहे, तिकडे गेला." आणि तिनं लगोलग गलबत मिळवून दिलं, वाटेसाठी मधाचा बुधला दिला. नाव-गाव न विचारता जेवू घालणारी माणसं मदत करताना पण काही मागत नाहीत, बरं का.

इराक कसा, तर पाणीच पाणी! ज्यानं वाळू वाळू म्हणून सांगितलं ना, त्याला नेऊन त्या पाण्यात बुचकळून काढायला हवा होता. मैलच्या मैल उथळ पाणी, त्यात माणसाच्या दुप्पट उंच बोरू. आणि म्हशी! अगदी आपल्यासारख्या काळ्याभोर, नाकापर्यंत पाण्यात बसलेल्या. मधल्या बेटांवर घरं, तीही बोरूचीच. बोरूच्या जाड जुड्या वाकवून कमानी केलेल्या. ना वीट, ना खिळा. पाहुण्यांचं घर सगळ्यांत मोठं, आणि त्याला दार म्हणून लावलेलंच नव्हतं.

तिथं मुहन्ना बसला होता. एक भुवई काळी, एक पांढरी. त्यानं सगुणाला ओळखलं नाही, पण उठून उभा राहिला. त्याच्या बायकोनं, नजीबानं, म्हशीच्या दुधाची बोटभर जाड साय आणली, वर खजुराचा पाक घातलेला. मुहन्नानं स्वतःच्या हातानं कॉफी ओतली.

सगुणानं कप घेतला, ओठांपर्यंत नेला. आणि तिच्या मनात आलं, या माणसाला आपल्या दारातून तहानलेलं पाठवलं, आणि आता याच्या घरची कॉफी कशी प्यायची? तिनं कप तसाच भरलेला खाली ठेवला.

सगळं घर मुहन्नाकडे बघायला लागलं.

तिला काय ठाऊक, की त्या मुलखात भरलेला कप खाली ठेवला, तर त्याचा अर्थ होतो, माझं मागणं आहे, ते पुरं होईपर्यंत मी पिणार नाही!

मुहन्ना म्हणाला, "दिलं."

"पण मी अजून काही..."

"दिलं म्हटलं ना. आता सांग."

मग सगुणानं सगळं सांगितलं. बंदर, शिपाई, विहीर, तान्हा भाऊ. आपल्याजवळ लोटी होती आणि आपण उठलो नाही, हेसुद्धा सांगितलं. लोटी पुढं केली. "हे पाणी खारं आहे. तोंड वाकडं न करता प्यायला हवं. प्याल का?"

मुहन्नाचा भाऊ ताडकन उठला. "यांनी तुला गोडं दिलं नाही, आणि आता खारं पाजायला आले? दादा, पिऊ नकोस!"

मुहन्नानं लोटीकडे पाहिलं, मग सगुणाकडे.

त्यानं लोटी दोन्ही हातांनी घेतली, तोंडाला लावली आणि सावकाश प्यायला. पांढरी भुवई हलली नाही, काळीही हलली नाही. मग मिशा पुसल्या आणि म्हणाला, "छान आहे. आणखी घोटभर दे."

त्याच क्षणी इकडे कोकणात रहाटाचा आवाज झाला. कुणीतरी ओंजळ तोंडाला लावली आणि किंचाळलं, "गोड! पाणी गोड!" झाडांवर तेव्हा सातच शहाळी उरली होती. सगुणाची आई धावत घरात गेली, बाळाला पदराखाली घेतलं, आणि बाळ प्यायलं. पोटभर प्यायलं आणि पिता पिताच झोपलं.

सगुणा घरी आली. राजानं मुकुट काढून ठेवला, आणि धक्क्यावर मोठा रांजण स्वतः भरायला लागला. रोज सकाळी, येईल त्याच्यासाठी. समुद्र सोडला होता तरी मुहन्ना दर वर्षी पाहुणा म्हणून यायचा, त्याच्यासाठी सगुणाकडे भात आणि माशाचं कालवण असायचं. सगळे सुखात राहिले. मिटा आता डोळे, पाय पांघरुणात घ्या.

एवढंच राहिलं सांगायचं. सगुणा निघाली, त्या दिवशी लोटी तिकडेच राहिली. नजीबा ती धुवायला गेली. तळाशी थेंबभर पाणी होतं. तिनं बोट बुडवलं, जिभेला लावलं, आणि तिथूनच ओरडली, "अहो, हे तर नुसतं मीठ आहे! आणि तुम्ही वर आणखी मागितलंत?"